पाच दोऱ्यांवरचं मांजर

४ मार्च

ताई,

पाकीट उघडलंस म्हणजे अर्धी लढाई मी जिंकले. माझं अक्षर ओळखून तू ते तसंच कपाटावर टाकशील, अशी आईची खात्री होती. पण हाताला आत काही कडक लागलं की तुला राहवत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. ते कडक म्हणजे टॅब आहे. जुना आहे, कोपऱ्यात काच तडकलीय, पण चालतो. त्यात एकच गोष्ट आहे, माझा नवा खेळ.

फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र. एकोणीस वर्षं आपण आईमार्फत बोलतोय. "ताईला सांग, डॉक्टरांचे कागद पाठवलेत." "धाकटीला सांग, मिळाले." आईचं आता वय झालं, तिला या टपालखात्यातून मोकळं करायला हवं.

खेळाचं नाव 'पाच दोऱ्या'. तो नोटेशन वाचायला शिकवतो. पियानोच्या पुस्तकातल्या पाच रेषा म्हणजे कपडे वाळत घालायच्या पाच दोऱ्या. सूर म्हणजे लोकरीचे गुंडे, काही दोरीत ओवलेले, काही दोन दोऱ्यांच्या मध्ये अडकलेले. प्रत्येक गुंड्यात विणायची एक सुई खुपसलेली, ती सुराची काडी. दोऱ्यांना ठरावीक अंतरावर उभे खांब, दोन खांबांच्या मधलं एक घर. पडद्याच्या खाली पियानोच्या पट्ट्या. समोरचा गुंडा कुठला सूर आहे ते ओळखून बरोबर पट्टी दाबली की मांजर त्याच्यावर उडी मारतं. चुकलं तर खाली पाण्याची बादली. बादलीतून बाहेर येणाऱ्या मांजराचा चेहरा आमच्या चित्रकारानं असा काढलाय की लोक मुद्दाम चुकतात.

चित्रकार म्हणजे माझा भागीदार. आम्ही दोघंच आहोत. एका सलूनच्या वरची खोली घेतलीय. दोन टेबलं, एक खिडकी, आणि खालून दिवसभर कात्रीची कटकट. झकास चाललंय आमचं.

२८ तारखेला संगीतशिक्षकांच्या मंडळाची बैठक आहे. नवशिक्यांच्या वर्गात कुठला खेळ लावायचा ते तिथं ठरेल. आमचाच ठरेल. बाकीचे दोन मी पाहिलेत, एकात रॉकेट आहे आणि दुसरा म्हणजे नुसती प्रश्नपत्रिका. फक्त मंडळाला एका जाणत्या शिक्षकाची सही हवी, की यात चुकीचं काही शिकवलेलं नाही. वर्षानुवर्षं नवशिक्यांची बोटं सरळ करत बसलेली जाणती बाई माझ्या माहितीत एकच आहे.

तेव्हा बघ. बारा पातळ्या आहेत. प्रत्येकीचा छापील कागदही सोबत ठेवलाय, कारण हातात लाल पेन्सिल असल्याशिवाय तुला काही वाचवत नाही.

आणि हो, जुनं उकरायला मी हे लिहीत नाहीये. त्या दिवशी पान उलटताना तुझा हात चुकला. समोर परीक्षक बसलेले असले की होतं असं कुणाचंही. मी ते कधीच मनात ठेवलं नाही, तूही ठेवू नकोस. मोठ्या मनानं लिहितेय, नोंद घे.

तुझा पोपट
(हे नाव तूच ठेवलंयस, आता निस्तर.)


१३ मार्च

ताई,

आईच्या हातून बारा कागद परत आले. टॅब आला नाही, म्हणजे खेळतेयस. नाही म्हणू नकोस. आई सांगत होती, दुपारी तुझ्या खोलीतून मांजर भिजल्याचा आवाज येतो आणि आपल्या घरात तर मांजर नाही. मुद्दाम चुकतेस ना?

आता तुझ्या लाल पेन्सिलीबद्दल. तेवीस सुया चुकल्या, मान्य. मधल्या रेषेच्या वर गेलेल्या सुराची काडी खाली लोंबायला हवी आणि खालच्याची वर. आम्ही सरसकट सगळ्या सुया वर केल्या, कारण चित्रकार म्हणाला, एका दिशेला बऱ्या दिसतात. तू एकेका सुईवर काट मारलीयस. तेविसाव्या सुईपाशी कागद फाटलाय. चित्रकारानं तो खिडकीकडे धरून भोकातून पाहिलं आणि विचारलं, "या बाई कोण?"

"माझी बहीण."

"दिसतंच आहे," म्हणाला, आणि मुकाट्यानं सुया फिरवायला बसला. दीड दिवस लागला त्याला. हाताखालच्या शेंगदाण्याच्या पुडीला मला हात लावू दिला नाही.

शेवटच्या कागदावर तू दोन शब्द लिहिलेस, 'विराम कुठे?' एकोणीस वर्षांनी तुझ्याकडून थेट मला आलेले दोन शब्द, तेही लाल. मी तो कागद टेबलासमोरच्या भिंतीला लावलाय. चित्रकाराला सांगितलं, आठवण म्हणून. खरं सांगायचं तर तुझं अक्षर बघून बरं वाटतं.

पण विरामाचं मी ऐकणार नाही. विराम विसरले नाहीये, मुद्दाम घातले नाहीत. खेळात माणूस बोटं चालवायला येतो. 'आता काही करू नका' असं त्याला सांगितलं की तो उठून चहा करायला जातो आणि परत येत नाही. गप्प बसायला शिकवायला शाळा आहेत, त्यासाठी माझं मांजर कशाला हवं?

आणि खेळ शिकवतो की नाही ते ऐक. खाली सलून चालवतात ते न्हावीकाका साठीचे आहेत. शीळ सुरेख घालतात, पण नोटेशनचा कागद उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही. त्यांना काल आमच्याकडचा दुसरा टॅब दिला. एका बैठकीत बाराही पातळ्या पार. मांजर एकदाही भिजलं नाही. मध्ये दोन गिऱ्हाइकांची दाढीसुद्धा केली. साठीच्या माणसाला तासाभरात स्वरलिपी शिकवली, आता बोल.

सही केव्हा पाठवतेस?

पोपट


१७ मार्च

ताई,

सही पाठवू नकोस. थोडं थांब.

चित्रकाराच्या डोक्यात आलं, न्हावीकाका खेळतानाचं चित्रण करून मंडळाला दाखवू. म्हणून आम्ही खाली गेलो. काकांनी टॅब आरशासमोरच्या फळीवर ठेवला होता. डाव्या हातात गिऱ्हाइकाची हनुवटी, उजव्या हाताचं एक बोट पट्ट्यांवर आणि नजर रस्त्यावर. मांजर टणाटण उड्या मारत होतं.

मी म्हटलं, "काका, जरा पडद्याकडे बघा ना."

"बघायचं कशाला? ते आधी वाजवून दाखवतं की."

खरंच दाखवतं. गुंडा पडद्यावर आला की त्याचा सूर वाजतो, मग पट्टी दाबायची. मीच तसं केलंय. काकांनी पहिल्या पाच मिनिटांत कुठली पट्टी कशी वाजते ते कानात भरून घेतलं आणि पुढचा सगळा खेळ कानानं खेळले. मी त्यांना दोऱ्यांबद्दल विचारलं. "त्या दोऱ्या होय? मला वाटलं मागचं चित्र आहे." इतका वेळ दाढी होत असलेलं गिऱ्हाईकही हसलं.

म्हणजे वाचन शिकवणाऱ्या खेळात वाचायची गरजच नव्हती. ठीक आहे, चुका होतात. वर येऊन दुरुस्त केलं. आता बरोबर पट्टी दाबेपर्यंत गुंडा मुका. अर्ध्या तासाचं काम.

चित्रकार म्हणाला, "आधी तू खेळून दाखव." खेळले. तिसऱ्या पातळीवर मांजर जरा भिजलं. सकाळपासून डोळे दुखत होते आणि खिडकीतलं ऊन नेमकं पडद्यावर येत होतं. शिवाय ते गुंडे त्यानं फार जवळजवळ काढलेत. "नाचता येईना, अंगण वाकडं," असं तो पुटपुटला. त्याच्याशी मी सध्या बोलत नाहीये.

पोपट


१८ मार्च

ताई,

कालच्या पत्राच्या आधी हे हातात पडलं तर बरं. काल ऊन नव्हतं, दिवसभर ढग होते. डोळेही दुखत नव्हते. मांजर जरा नाही, अकरा वेळा पडलं. तिसऱ्या पातळीच्या पुढे मी गेलेच नाही.

मला नोटेशन वाचता येत नाही. कधीच येत नव्हतं.

मोजून सांगता येतं. खालून पहिली रेषा, दुसरी रेषा, बोट ठेवून, घरांचे नंबर शोधत गल्लीत फिरावं तसं. खेळातले सगळे सूर मी तक्त्यातले आकडे बघून भरले. पण बघितलं आणि वाजवलं, हे मला जमत नाही. खेळात सूर आधी वाजायचा, तो का वाजतो हे माझ्या लक्षातही आलं नाही, कारण मी स्वतः तशीच शिकले. तू आधी वाजवून दाखवायचीस. "हं, असं." की मी ते तसंच्या तसं वाजवायची. पान समोर असायचं, मी त्याच्याकडे तोंड करून बसायची, तुझी मान हलली की माझीही हलायची. तू हसून मला पोपट म्हणायचीस. आपल्या पियानोच्या बाई सगळ्यांना सांगायच्या, धाकटीचं वाचन फार सफाईचं आहे. आई कौतुकानं म्हणायची, कानामागून आली आणि तिखट झाली. इतकं कौतुक झाल्यावर खरं कसं सांगायचं, ते मला कळलं नाही. मग ते सांगायचं राहूनच गेलं.

आता तो दिवस. आपण एका बाकावर, तू डावीकडे, मी उजवीकडे, चार हातांची ती रचना. समोर संगीत महाविद्यालयाच्या प्रवेशाचे परीक्षक. दोघींनाही जागा मिळणार असं बाई धरून चालल्या होत्या. आदल्या दिवशी बाईंनी शेवट बदलला होता. नवी आठ घरं लिहिलेली कागदी पट्टी जुन्या पानावर डकवली होती. तुला त्या दिवशी ताप होता, तू झोपून होतीस, त्यामुळे नवा शेवट मला कुणी वाजवून दाखवला नाही. बाईंनी विचारलं, "पाहिलंस ना?" मी म्हटलं, "पाहिलं, सोपं आहे."

तू पान बरोबर उलटलंस. एकच उलटलंस. तू नवा शेवट वाजवायला लागलीस आणि मी जुना. पाच-सहा घरं दोन्ही एकमेकांवर आदळत गेले. तू थांबलीस, मी थांबले. आणि उचलली जीभ, लावली टाळ्याला, "ताईनं दोन पानं एकदम उलटली."

परीक्षकांनी मान डोलावली. तू माझ्याकडे बघितलंस. तू आता बोलशील, आता बोलशील, म्हणून मी वाट बघत होते. तू कागद गोळा केलेस आणि बाकावरून उठलीस. जागा मला मिळाली.

चार महिन्यांनी मी ती सोडली आणि घरी सांगितलं, कंटाळा आला. कंटाळा वगैरे काही नव्हता. तिथं रोज सकाळी नवा कागद समोर यायचा आणि तो आधी वाजवून दाखवायला तू नव्हतीस. त्यांनी काढून टाकायच्या आत मी निघाले. आई म्हणते, त्या दिवसापासून तू माझं नाव टाकलंस. स्वतःची जागा गेली ते तू सोसलंस, पण तिच्या बदल्यात मिळालेली मी कंटाळून फेकली, हे तुला सोसलं नाही. ताई, मी ती फेकली नव्हती. मला ती पेलली नाही. दोन्हीही वाईटच आहे, पण खरं काय होतं ते तुला माहीत असायला हवं.

आज सकाळी आईला फोन करून सगळं सांगितलं. मग तिनं सवयीनं विचारलं, "ताईला निरोप देऊ का?" म्हटलं, नको, हा मीच देते.

तर हा निरोप. माझं चुकलं. पानं तू नीट उलटली होतीस. माझ्या पहिल्या पत्रातला तो मोठ्या मनाचा परिच्छेद फाडून टाक, तो वाचून तुला काय वाटलं असेल ते मनात येऊन मला रात्रभर लाज वाटत राहिली.

सही नको. सही मागायच्या लायकीची मी राहिलेले नाही. खेळ मात्र चांगला आहे, त्याबद्दल मी माघार घेणार नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला तो आता बरोबर पकडतो. पहिली सापडले ती मीच.

पोपट


२६ मार्च

ताई,

गेले आठ दिवस मी स्वतःचाच खेळ शिकतेय. रोज सकाळी दोन तास, आवाज बंद करून. चित्रकार बाजूला बसून मांजर मोजतो. आमचं बोलणं सुरू झालंय, त्यानं शेंगदाणे पुढे केले आणि मी घेतले. पहिल्या दिवशी एकतीस वेळा भिजलं. काल बाराव्या पातळीपर्यंत कोरडं पोचलं. न्हावीकाका पाचव्या पातळीवर अडकलेत आणि खेळ बिघडवला म्हणून माझ्यावर चिडलेत. आमच्या दोघांत पैज लागलीय.

आणि काल तुझं पाकीट आलं. पत्र नाही, चिठ्ठी नाही. आत फक्त तो कागद, बाईंनी डकवलेल्या पट्टीसकट. डिंक पिवळा पडलाय. तू हा एकोणीस वर्षं जपून ठेवला होतास.

इथं माझ्याकडे पियानो नाही. आणि पडद्यावरच्या पट्ट्या मी उघडल्या नाहीत. कागद टेबलावर ठेवला, त्यावर एक कोरं कार्ड धरलं आणि एका वेळी एकच घर उघडत गेले, म्हणजे पुढचं बघून अंदाज बांधायचा मोह नको. चित्रकाराला म्हटलं, तासभर माझ्याशी बोलू नकोस.

माझ्या ओळीतली पहिली चार घरं वाचायला तो सगळा तास गेला. आपलीच चाल होती ती, फक्त संथ, एकेक पायरी खाली येणारी. चौथ्या घरापाशी ती माझ्या डोक्यात वाजली. कुणीही आधी वाजवून न दाखवता, नुसत्या कागदावरून. आयुष्यात पहिल्यांदा. मी रडले, आणि मग डोळे पुसून कार्ड पुढं सरकवलं.

पाचव्या घरात एकही गुंडा नव्हता. चौथ्या दोरीला खालून लटकलेली एक काळी वीट, बस. पूर्ण घरभर विराम. सहाव्या घरातही वीट. सातव्यात, आठव्यातही.

मग मी तुझी ओळ वाचली. पाचव्या घरापासून तुझे दोन्ही हात वर चढत येतात, माझ्या सुरांत शिरतात, चाल हातात घेतात आणि एकटेच ती संपवतात. बाईंनी शेवट तुला दिला होता. परीक्षकांनी शेवटी एकट्या तुला ऐकावं म्हणून. आणि विटांच्या वर पेन्सिलीनं, अगदी पुसट झालेलं, पण बाईंचंच अक्षर, 'धाकटीनं हात मांडीवर ठेवावेत.'

मला नोटेशन येत नव्हतं, पण अक्षरं तर येत होती ना, ताई. मी त्या पानाकडे एकदाही पाहिलंच नव्हतं. न वाचता येण्याचं मागच्या पत्रात जे सांगितलं ते खरं आहे, पण पुरेसं नाही. त्या चार घरांत मला काहीही वाजवायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. तिथं मी वाजवलंही आणि वर बोललेही.

तुझे ते दोन लाल शब्द अजून भिंतीवर आहेत. तू तेव्हा मांजराबद्दलच विचारत होतीस की माझ्याबद्दल, ते मी विचारणार नाही.

तेरावी पातळी तयार आहे. दोरीला वीट लटकलेली, मांजर तिच्यावर जाऊन बसतं, पुढचे पंजे पोटाखाली घेतं, आणि खाली दुसरं मांजर तुझी ओळ वाजवत पुढे जातं. तेवढा वेळ कुठलीही पट्टी दाबायची नाही. बोट लागलं की बादली. आतापर्यंतची सगळ्यात अवघड पातळी आहे. चित्रकार नऊ वेळा भिजला. मी चार वेळा भिजले, पाचव्यांदा बसले. चहा करायला कुणी उठलं नाही.

मंडळाची बैठक परवा आहे. सही नसली तरी मी जाणार आहे. खेळ ठेवीन आणि सांगीन, हा बनवणाऱ्या बाईला महिन्याभरापूर्वी नोटेशन वाचता येत नव्हतं, आता अडखळत येतं. याहून चांगला दाखला रॉकेटवाल्यांकडे नाही. जिंकले तर उत्तमच, आणि मला वाटतं जिंकेन.

त्यानंतरच्या रविवारी मी घरी येतेय. आईला सांगितलेलं नाही, तिचं टपाल आता बंद. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. उघडलंस तर मी बाकावर उजवीकडे बसेन. शेवटापासून धरू. माझी चार घरं मी कागदावरून वाजवीन, हळू, अडखळले तर तू वाजवून दाखवू नकोस. पाचव्या घरापासून माझे हात मांडीवर असतील, आणि तू संपवेपर्यंत मी एक शब्द बोलणार नाही.

धाकटी